पाच दप्तरं, एक माणूस

दरवर्षी १ जानेवारी उजाडते आणि देशातल्या १७ हजारांहून अधिक पोलीस ठाण्यांत गुन्ह्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. चंदगडला गुन्हा रजिस्टर नंबर १, चांदवडला १, चांदूर बाजारलाही १. आणि तिकडे वारंगळ, आग्रा, ऐझॉल इथेही १. ठाण्याच्या चार भिंतींत हा क्रमांक अगदी पुरेसा असतो. ठाणे अंमलदार, तपासी अंमलदार, मुद्देमाल कारकून यांच्यात नुसतं 'सतरा नंबरचा गुन्हा' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. पंचाईत होते ती कागद ठाण्याबाहेर पडल्यावर.

समजा, मार्च महिन्यात एका गावात रात्री प्राणघातक हल्ला झाला. फिर्याद नोंदली गेली, एकाला अटक झाली. त्याच्या कपड्यांवरचे रक्ताचे डाग तपासायला मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाकीट गेलं. तिथे त्या पाकिटाला प्रयोगशाळेचा स्वतःचा नंबर पडला. आरोपी न्यायालयीन कोठडीत गेला. कारागृहानं त्याला बंदी क्रमांक दिला. दोषारोपपत्र दाखल झालं, तेव्हा न्यायालयात ते आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) नंबर अमुक झालं. प्रकरण सत्र न्यायालयाकडे गेलं, तसा तोही नंबर मागे पडून सत्र खटल्याचा नवा नंबर आला. सरकारी वकिलांच्या कार्यालयात आणखी एक फाईल उघडली गेली. घटना एकच, माणूस एकच. पण दप्तरं पाच, आणि प्रत्येक दप्तर त्याला वेगळ्या नंबरानं ओळखतं.

हे पाच नंबर एकमेकांशी जुळवण्याचं काम कित्येक पिढ्या कुणी केलं? पैरवी अंमलदारानं. काखेत फायलींचं बाड, आवक-जावक रजिस्टरवर सह्या घेत, आज न्यायालय, उद्या प्रयोगशाळा, परवा कारागृह अशी त्याची फेरी. कुठल्या खटल्याचा 'सीए रिपोर्ट', म्हणजे प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणी अहवाल, अजून आलेला नाही, कुठला साक्षीदार बदलीवर गेला, कुठलं समन्स बजावल्याशिवाय परत आलं, हे सगळं त्याच्या डोक्यात. या व्यवस्थेतली सगळ्यांत मोठी माहिती-यंत्रणा म्हणजे हा माणूस होता, असं मला खरोखर वाटतं. तो निवृत्त झाला की ती माहितीही त्याच्याबरोबर घरी जायची.

या पाच दप्तरांना एकमेकांशी थेट बोलायला लावण्याचा जो प्रयत्न आपल्या देशात चालू आहे, त्याचं नाव इंटर-ऑपरेबल क्रिमिनल जस्टिस सिस्टीम, थोडक्यात आयसीजेएस. पोलीस, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सरकारी अभियोक्ते, न्यायालयं आणि कारागृहं हे तिचे पाच खांब. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीनं ही कल्पना उचलून धरली. न्यायमूर्ती मदन लोकूर तेव्हा त्या समितीचं काम पाहत होते. डिसेंबर २०१८ मध्ये तेलंगणातल्या वारंगळ जिल्ह्यात ती प्रत्यक्ष चालू झाली. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुसऱ्या टप्प्यासाठी २०२५-२६ पर्यंत ३,३७५ कोटी रुपये मंजूर केले. माहिती एकदाच, जिथे ती जन्मते तिथेच भरायची आणि बाकीच्यांनी तीच वापरायची, हे तिचं मूळ सूत्र.

सूत्र एका वाक्यात मावतं. पण ते अमलात आणायचं म्हणजे काय, हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं. बँकेच्या मुख्य कार्यालयानं एक परिपत्रक काढलं की उद्यापासून सगळ्या शाखा तोच फॉर्म वापरतात. इथे तसा मुख्य मालकच नाही. पोलीस राज्याच्या गृह विभागाचे. न्यायालयं उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली, सरकारपासून स्वतंत्र. अभियोक्त्यानं पोलिसांचा हस्तक होऊ नये म्हणून अभियोग संचालनालय वेगळं ठेवलेलं. प्रयोगशाळेचं तर अख्खं मोल तिच्या तटस्थपणात. न्यायाधीशानं कुठला रकाना भरावा हे पोलीस महासंचालक सांगू शकत नाहीत, आणि सांगू शकत नाहीत हेच बरं आहे. वाटण्या झालेल्या पाच भावांची एक सामाईक विहीर असावी, तसं हे आहे: चुली वेगळ्या, कारभार वेगळा, कुणी कुणाचं ऐकायला बांधील नाही, तरी पाण्याच्या पाळ्या ठरवाव्याच लागतात आणि त्या लिहून ठेवाव्या लागतात. आयसीजेएस म्हणजे मुख्यतः या पाळ्या. संगणकांचा नंबर त्यानंतर.

शिवाय प्रत्येकानं आपापलं घर आधीच बांधून ठेवलं होतं. पोलिसांसाठी २००४ पासून सीपा नावाची संगणक प्रणाली होती. २६/११ च्या हल्ल्यानंतरच्या वर्षी, जून २००९ मध्ये, सीसीटीएनएस म्हणजे गुन्हे आणि गुन्हेगार शोध जाळ्याला मंजुरी मिळाली. २,००० कोटी रुपये, सुमारे १४ हजार ठाणी आणि ६ हजार वरिष्ठ कार्यालयं जोडायचा संकल्प. त्यातही कर्नाटकाची स्वतःची 'पोलीस आयटी' होती, तमिळनाडूची वेगळी. न्यायालयांचं सॉफ्टवेअर, केस इन्फर्मेशन सिस्टीम, घडलं पुण्यात, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या कार्यालयात. आज देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत पडद्यावर जे दिसतं, त्याची जुळणी पुण्यातल्या मंडळींनी केलेली आहे. कारागृहांसाठी गोवा इलेक्ट्रॉनिक्स या गोवा सरकारच्या कंपनीनं 'प्रिझम्स' नावाची प्रणाली बनवली होती, दुसरीकडे ई-प्रिझन्स वाढत होतं. प्रत्येक प्रणाली आपल्या जागी ठीक. एकीला दुसरीची भाषा मात्र येत नव्हती.

मग सुरुवात कुठून करायची? नावापासून. प्रत्येक खटल्याला देशभरात एकमेव असेल असा क्रमांक हवा. न्यायालयांनी तो आधीच तयार केला होता: सीएनआर, सोळा अक्षर-अंकांचा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नमुन्यादाखल दिलेला क्रमांक आपल्याच भागातला आहे: एमएचएयू०१-९९९९९९-२०१५. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची; मग दोन अंक न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा अंक अनुक्रमाचे, शेवटचे चार वर्षाचे. तालुका न्यायालयात काल दाखल झालेल्या चोरीच्या खटल्याला या रचनेत असं नाव मिळतं की देशातल्या दुसऱ्या कुठल्याही खटल्याशी त्याची गल्लत होत नाही. २०१५ पासून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर अशा खटल्यांचे आकडे कुणालाही पाहता येतात.

आता दोन टोकं जोडायची. दोषारोपपत्र न्यायालयात आलं की लिपिक संगणकात पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष भरतो. एवढ्या तीन गोष्टींवर सीसीटीएनएसमधली मूळ फिर्याद, आरोपींची नावं, कलमं न्यायालयाच्या प्रणालीत उतरतात. पुन्हा टंकायची गरज उरत नाही. उलट दिशेनं न्यायालयाचा सीएनआर, पुढची तारीख, निकाल पोलिसांच्या बाजूला जातात. चंदगडचा एक नंबर आणि चांदवडचा एक नंबर यांच्यातला गोंधळ संपतो, कारण ठाण्यालाही आता स्वतःचा सांकेतांक आहे. एकाची नोंद दुसऱ्याला पाहता येते, बदलता येत नाही. या शेवटच्या नियमात सगळं संविधान सामावलेलं आहे. न्यायालयाच्या नोंदीवर पोलिसांचा हात पडता कामा नये.

पण खरी गंमत, आणि खरं कष्टाचं काम, रकान्यांत आहे. 'अटकेची तारीख' हा रकाना घ्या. पोलीस लिहितात ती तारीख माणसाला ताब्यात घेतल्याची. दंडाधिकारी लिहितात ती रिमांडची. कारागृह लिहितं ती फाटकातून आत घेतल्याची. तिन्ही तारखा खऱ्या, आणि तिन्ही वेगळ्या असू शकतात. कायद्यानं ६० किंवा ९० दिवसांत तपास पुरा होऊन दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ते दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे? रिमांडचा दिवस धरायचा की सोडायचा, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं मतभेद होते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो धरायचा असं ठरवलं. एका दिवसाचा फरक, पण त्या एका दिवसावर माणूस आत राहतो की बाहेर येतो हे ठरतं. म्हणून 'तारीख' असा नुसता रकाना चालत नाही. ही तारीख कशाची, कुणी भरायची, आणि बाकीच्यांनी ती कशासाठी वापरायची, यावर पाच संस्थांचं एकमत व्हावं लागतं. असे रकाने शेकड्यांनी आहेत. या बैठकांमध्ये बसून एकेका रकान्याचा अर्थ ठरवणाऱ्या माणसांची नावं कुठे छापून येत नाहीत, आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

नावांचा घोळ तर आपल्याकडे वेगळाच. ठाण्यात फिर्याद मराठीत, न्यायालयाच्या संगणकात नाव बहुधा इंग्रजीत. गायकवाड हे आडनाव इंग्रजीत लिहिताना एक कारकून 'आय' घालतो, दुसरा 'वाय', तिसरा बडोद्याच्या राजघराण्यासारखं 'ए-ई'. बापाचं नाव कधी मधे, कधी शेवटी. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव ही आणखी एक तऱ्हा. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. आणि याच्या उलट, एकाच तालुक्यातले एकाच नावाचे तीन सज्जन त्याला एकच वाटू शकतात. म्हणून नावाच्या जोडीला बोटं लागतात. कोलकात्यात १८९७ मध्ये बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी ठशांची वर्गवारी उभी करण्यात मोठं काम केलं. त्या परंपरेचं आजचं टोक म्हणजे ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेली नाफिस ही राष्ट्रीय ठसे-प्रणाली. तिच्यात अटक झालेल्या माणसाला दहा अंकी क्रमांक मिळतो, पहिले दोन अंक राज्याचे. नाव कसंही लिहा, क्रमांक तोच.

पुराव्याच्या बाबतीतही असंच एक नवल घडलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलं. पण चित्रफीत ठाण्यातून प्रयोगशाळेत, तिथून न्यायालयात जाईपर्यंत कुणी तिच्यात फेरफार केला नाही, हे कसं कळायचं? लाखेची मोहर इथे उपयोगाची नाही. त्याऐवजी त्या फाईलवरून गणितानं एक 'हॅश' काढतात: 'शा-२५६' या पद्धतीत ६४ चिन्हांची एक ओळ. तासाभराच्या चित्रीकरणातला एक ठिपका जरी बदलला तरी सगळी ओळ वेगळीच येते. शक्य असलेल्या ओळींची संख्या लिहायची तर ७८ अंक लागतील. दोन निरनिराळ्या फायलींची ओळ योगायोगानं सारखी यावी, ही भीती बाळगायचं कारण नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर द्यायच्या प्रमाणपत्रात हॅशसाठी जागाच करून ठेवली आहे. ठाण्यात काढलेली ओळ आणि न्यायालयात काढलेली ओळ जुळली की मधल्या सगळ्या हातांचा विश्वास आपोआप तपासला जातो.

इतकं सगळं जुळल्यावर मनात एक धास्तीही उभी राहते, आणि ती उगाच नाही. कागदाच्या काळात एका दप्तरातली चूक त्या दप्तरातच मरायची. जोडलेल्या यंत्रणेत ती पाचही ठिकाणी एकाच क्षणी खरी होते. अमेरिकेतलं ॲरिझोना विरुद्ध एव्हान्स हे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. जानेवारी १९९१ मध्ये फिनिक्स शहरात पोलिसांनी एका वाहनचालकाला थांबवलं. गाडीतल्या संगणकानं दाखवलं की याच्यावर वॉरंट आहे. त्याला अटक झाली, आणि मग गाडीच्या झडतीत गांजा सापडला. प्रत्यक्षात ते वॉरंट सतरा दिवसांपूर्वीच रद्द झालं होतं, पण रद्द झाल्याची खबर न्यायालयाच्या कचेरीतून शेरीफच्या कचेरीपर्यंत पोचलीच नव्हती. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की चूक न्यायालयीन कर्मचाऱ्याची असल्यानं त्या झडतीतला पुरावा बाद होत नाही. मला हा निकाल पटत नाही. ज्याची काही चूक नाही त्यानं दुसऱ्याच्या राहून गेलेल्या नोंदीची किंमत का मोजावी? पण यंत्रणा बांधणाऱ्यांसाठी त्यातून एक गोष्ट लख्ख होते: वॉरंट निघाल्याची बातमी जितक्या वेगानं जाते, तितक्याच वेगानं ते रद्द झाल्याची बातमी गेली पाहिजे.

आणि इथेच आपल्याकडची सगळ्यांत दुखरी जागा आहे. आपल्या यंत्रणांना पकडायला शोधणं लवकर जमलं. सोडायला शोधणं फार उशिरा. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाच्या आदेशांसाठी एक पेटी असते. आदेशाची प्रत ठरलेल्या वेळेआधी त्या पेटीत पडली तर माणूस त्या दिवशी सुटतो. पाच मिनिटं उशीर झाला तर रात्र आतच. जुलै २०२१ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं जामीन देऊनही आग्र्याच्या कारागृहातले तेरा जण दिवसच्या दिवस आत राहिले, कारण आदेश टपालानं पोचायचा होता. सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी या डिजिटल काळातही आदेशांसाठी आपण आकाशात कबुतरं शोधतो आहोत अशा शब्दांत खेद व्यक्त केला आणि न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्यातून ३१ मार्च २०२२ ला 'फास्टर' ही प्रणाली सुरू झाली: आदेशाची अधिकृत इलेक्ट्रॉनिक प्रत थेट कारागृहाला.

जामीन मिळूनही पैशाअभावी किंवा जामीनदाराअभावी आत राहणाऱ्यांचा प्रश्न त्याहून खोल. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं एक रकाना मागितला, आणि माझ्या मते हा या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यांत माणुसकीचा रकाना आहे. जामीन मंजूर झाल्याची तारीख कारागृह अधीक्षकानं ई-प्रिझन्समध्ये भरायची. सात दिवसांत तो बंदी सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि त्यासाठी आपोआप ई-मेल जाईल अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करायची. विसरलेल्या माणसाची आठवण यंत्रानं करून द्यायची.

विसरलेली माणसं म्हणजे किती असतात, याची देशाला पहिल्यांदा जाणीव झाली ती १९७९ मध्ये. के. एफ. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी. सीमा सुरक्षा दल त्यांनीच उभं केलं. बिहारची कारागृहं पाहून त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की खटला न चालताच वर्षानुवर्षं कैदेत असलेली माणसं तिथे आहेत. काही तर दोषी ठरली असती तरी इतकी शिक्षा झाली नसती. त्या लेखनावरून वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी केलेली याचिका हुसैनारा खातून या नावानं प्रसिद्ध आहे. न्यायालयाला सरकारकडून हवी होती ती मुख्यतः एक यादी: कोण, कधीपासून, कुठल्या आरोपाखाली आत आहे. ती यादी देणं हेच अवघड होतं, कारण तारीख कारागृहात, आरोप ठाण्यात आणि खटला न्यायालयात होता.

२०२२ च्या अखेरीस देशाच्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे असे. शंभरातले पंचाहत्तरहून अधिक. नव्या संहितेचं कलम ४७९ त्यांच्यासाठी आहे. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल तर जामीन. आणि माणूस याआधी कधीच दोषी ठरलेला नसेल तर एक-तृतीयांश काळच पुरेसा. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर मात्र ही सवलत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नवा कायदा येण्याआधीच्या न्यायाधीन बंद्यांनाही हे लागू आहे.

या कलमातलं गणित नीट पाहा. आत किती दिवस झाले, हे कारागृहाला माहीत. कुठली कलमं लागली, हे पोलिसांना आणि दोषारोपपत्राला. कमाल शिक्षा कायद्याच्या पुस्तकात. दुसरा खटला आहे का, हे देशातल्या कुठल्याही न्यायालयाला माहीत असू शकतं, अगदी दोन हजार किलोमीटरवरच्या. आणि 'याआधी कधीच दोषी ठरलेला नाही' हे सिद्ध करायला तर देशातल्या सगळ्या नोंदी चाळून काहीच सापडलं नाही असं म्हणता आलं पाहिजे. फरारी आरोपी हुडकायला जो शोध बांधला, तोच शोध, तेच ठसे, तेच सोळा अक्षर-अंक इथे रिकाम्या हातानं परत यावे लागतात, आणि ते रिकामे हातच माणसाच्या सुटकेचा पुरावा ठरतात. हा पुरावा गोळा करायची ऐपत त्या बंद्याकडे नसते, त्याच्या घरच्यांकडेही नसते. पैरवी अंमलदाराच्या बाडातून तो कधीच निघाला नसता.

कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात हे काम कुणी करायचं तेही सांगितलं आहे: ठरलेला काळ पूर्ण होताच कारागृह अधीक्षकानं स्वतःहून, ताबडतोब, न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा. बंद्यानं मागायची वाट पाहायची नाही. त्यासाठी अधीक्षकाच्या पडद्यावर त्या सकाळी त्या माणसाचं नाव यायला हवं, आणि ते यायचं तर ठाण्यातल्या अंमलदारानं, प्रयोगशाळेतल्या सहायकानं, अभियोक्त्यानं आणि न्यायालयातल्या लिपिकानं आपापला रकाना त्याआधी भरलेला असायला हवा.